कुठला पाय

"ताई, परवा डावा हुता न्हवं?"

सात रस्त्याला रिक्षातून उतरताना रिक्षावाल्यानं विचारलं, आणि अक्षताचा एक पाय रस्त्यावर आणि एक पाय रिक्षात असा तिथंच राहिला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "काय डावा?" तिनं विचारलं. "पाय वो. परवा हितंच सोडलं तुमाला, तवा डावा वडत हुता. आज उजवा वडायलाय." रिक्षावाल्याच्या तोंडावर संशयाचा टिपूससुद्धा नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण संशयावर निदान चिडता येतं. त्यानं थोडा विचार केला, मान हलवली आणि तिच्या वतीनं स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "बरुबर हाय. एकाचा भार दुसऱ्यावर येतो की. माझ्या मेव्हणीचं बी तसंच झालं. आदी डावा गुडघा, मंग उजवा, मंग कंबर. आता मान बी वळत न्हाय तिची. तुमी जपा ताई." "हो, भार येतो," अक्षता म्हणाली. लोक किती चांगले असतात! खोटं बोलणाऱ्याला डोकंसुद्धा चालवू देत नाहीत, तेवढंही काम अंगावर घेतात. रिक्षा निघून गेली. सोलापूरचं ऊन सकाळीच डोक्यावर हात ठेवून उभं होतं. समोर सात रस्ते होते, खाली दोन पाय होते, आणि त्यातला दुखरा कुठला हे तिला काही केल्या आठवेना. एखादी बाई आपल्याच लेकराचं नाव विसरावी आणि ते लेकरू समोर उभं राहून तिच्याकडे बघत असावं, तसे ते दोन पाय चपलांत उभे राहून तिच्याकडे बघत होते. कॉलेजपर्यंत लंगडत जायचं तर आधी ठरवायला हवं होतं. आणि ठरवायचं तर पुन्हा त्या मैदानावर जायला हवं होतं, जिथं ती गेली थंडी संपल्यापासून मनानंसुद्धा जात नव्हती.

मैदान विद्यापीठाचं. दहा हजार मीटर, संघनिवडीची शर्यत. कडेला दोरी, दोरीपलीकडे मफलर गुंडाळलेले आजोबा आणि त्यांच्याशेजारी त्यांचे मित्र सिद्धलिंगप्पा, दोघांच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची एकच पुडी. अक्षता पहिली होती. शाळेपासून ती पहिलीच असायची, आणि म्हणून पळताना तिच्यासमोर नेहमी मोकळं मैदान असायचं. कुणाची पाठ कशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं. मग कानामागं तो आवाज आला. कुठंतरी पाण्याच्या काठाला कुणीतरी इंजिन सुरू करावं तसा, टुक टुक टुक टुक. आधी मागं, मग अगदी खांद्याशी, आणि मग तो आवाज पुढं गेला आणि त्याच्यामागून एक पाठ आली. काळी सावळी, हडकुळी पाठ, नंबराचा कागद एका कोपऱ्यात फाटलेला, वेणीला तांबडं रबर. ती पाठ हलत हलत एक हात लांब गेली, दोन हात गेली. अक्षताचे पाय ठीक होते. छातीत दम होता. हीच तर ती गोष्ट, जी तिनं आजवर कुणालाच सांगितली नव्हती, की दम उरला होता. चांगला भरपूर उरला होता. नव्हती ती फक्त त्या पाठीमागं पळत राहण्याची सवय. दोरीपलीकडे शंभर डोळे होते आणि ते सगळे आता तिला दुसरी म्हणून बघणार होते, आजोबा हातातली शेंग तशीच धरून बघणार होते. तेवढ्यात वाऱ्यावरून आजोबांची हाक आली. कानडीत. आजोबांचं मराठी बाजारातलं आणि कानडी काळजातलं, त्यामुळं हाक आली ती कानडीच. "बिड!" बिड म्हणजे सोड. सोडून दे. आजोबांनी सांगितलं सोड, आणि अक्षतानं सोडलं. आधी सोडायचं ठरलं, मग ती बसली, मग ओरडली, आणि पाय तर सगळ्यात शेवटी निवडला. आतल्या बाजूला गवत होतं, त्या बाजूला ती कलंडली, आणि हाताला जो पाय लागला तो तिनं धरला. आतली बाजू म्हणजे डावी. म्हणजे डावा. रिक्षावाला बरोबर होता.

डावा पाय ओढत ती कॉलेजच्या दिशेनं निघाली आणि लाज तिच्यासोबत निघाली. ही लाज मोठी सवयीची झाली होती. तोंड लाल करणारी, पळून जाणारी लाज नव्हे ही. ही घरात राहायला आलेल्या पाहुण्यासारखी, चहा झाला का विचारणारी, आपल्याआधी अंघोळ करून बसलेली. आणि तिची सुरुवात त्या बसण्यापासून झालीच नव्हती. बसणं एखादीला माफ झालं असतं. सुरुवात झाली ती त्यानंतरच्या क्षणाला, जेव्हा टुक टुक थांबलं. पुढं गेलेल्या मुलीनं "आई गं" ऐकलं, मान वळवली, आणि अक्षताला वाटलं आता ती परत पुढं बघेल. ती पुढं बघेना. ती उलटी फिरली. शर्यतीत, पहिली असताना, सगळ्या मैदानाच्या देखत उलटी पळत आली, गुडघ्यावर बसली, अक्षताचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपायला लागली. "हितं दुखतंय का?" तिनं दाबलं तसं अक्षता ओरडली. फार चांगलं ओरडली. स्वतःचं ओरडणं ऐकून तिला क्षणभर खरंच दुखलं. "हलू नगं. मी हाय." बाकीच्या मुली धूळ उडवत शेजारून गेल्या, एक गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या, आणि त्या मुलीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तिच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब अक्षताच्या घोट्यावर पडला. गरम होता. अजूनही अंघोळ करताना अक्षता त्या जागेवर साबण जरा जपून लावते. त्या मुलीचं नाव साक्षी, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली, हे नंतर कळलं. विद्यापीठाच्या संघात तिचं नाव नव्हतं, हेही नंतर कळलं. कसं असणार, ती पाय धरून बसली होती.

नसलेल्या दुखण्यावर मग सगळ्यांचं एकमत झालं. खालच्या मजल्यावरच्या केराबाईंनी तेल लावून पाय चोळला आणि डोळे मिटून सांगितलं, "शीर चढलीया. ही बघ, सुतळीगत लागतीया." त्यांना खरंच लागली. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले हाडाला काही नाही, पण आतल्या भागाचं सांगता येत नाही, विश्रांती घ्या. आई, म्हणजे चंद्रिका, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप लावायची, फुंकर घालून वाळवायची, आणि त्या पिवळ्या बोटांनी तशीच बसमध्ये चढायची. अक्षता जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाय उशीवर ठेवून बसायची आणि खालून पोरं पळत जायची. एक गंमत झाली. महिनोन्महिने न वापरल्यानं तो पाय खरोखरच बारीक झाला, आखडला. पोटरी सैल पडली, जिन्यानं वर येताना धाप लागायला लागली. खोट्यानं खऱ्याला बोलावलं आणि खरं आज्ञाधारकपणे येऊन बसलं. तिला वाटलं, चला, एवढी तरी शिक्षा झाली. पण शिक्षा अशी गुपचूप, लेप लावून, फुंकर घालून घेता येत नाही.

आणि आजोबा! आजोबा म्हणजे गुरप्पा, एके काळी मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान होतं, आता कंबर तलावाच्या काठावरचं एक बाकडं आहे. दुकानात माणूस ज्वारी घ्यायला आला की गोष्ट ऐकून तूरही घेऊन जायचा. सकाळी फिरायला आलेली दहा-बारा म्हातारी डोकी त्या बाकड्याभोवती जमतात. त्यांना आजोबांनी नातीची गोष्ट सांगायला घेतली ती थंडीत, आणि ती पावसाळ्यापर्यंत वाढत राहिली. पहिल्या दिवशी पाय मुरगळला होता. आठवड्यानं मोडला. होळीपर्यंत मोडल्यावर पोरगी तशीच दोन फेऱ्या पळाली. "खट्कन आवाज आला! मी दोरीपाशी उभा, माझ्या हातातली शेंग फुटली त्या आवाजानं." उन्हाळ्यात तो आवाज रस्त्यापर्यंत गेला आणि एसटीच्या ड्रायव्हरनं टायर फुटला म्हणून गाडी बाजूला घेतली. सूज आधी लिंबाएवढी होती, मग आंब्याचा मोसम आला तसा आंबा झाला, कलिंगडं आली तसं कलिंगड. "डॉक्टरनं फोटो काढला तर मशीनला घाम फुटला की हो! नर्स पुसायला लागली." म्हातारे हसायचे, पण विश्वास ठेवायचे. ही त्या आजोबांची करामतच होती, ऐकणाऱ्याला हसू येईल आणि तरी तो मान डोलवील एवढंच ते नेमकं वाढवायचे. अक्षता तलावाकडून आली की ते सगळे उठून उभे राहायचे. एकाचे तर गुडघे बदलायला झाले होते, तो दोन्ही हात बाकड्यावर टेकून कण्हत उठायचा आणि म्हणायचा, "बस पोरी, बस. पायाला आराम दे." आणि ती बसायची. काय करणार? बसायची, आणि तो म्हातारा उभा राहायचा.

जूनमध्ये साक्षी आली. खरी, हाडामांसाची, हातात जेवणाचा डबा घेऊन दारात उभी. यंदा तिनं सोलापुरातल्या कॉलेजात नाव घातलं होतं, वसतिगृहात राहत होती, आणि विचारत विचारत घर शोधत आली होती. चहाच्या आधी, नाव सांगायच्याही आधी तिनं विचारलं, "पाय कसा हाय?" डब्यात तिच्या आईनं, मीनाबाईंनी दिलेली सुक्या मासळीची चटणी होती. ती दारातच म्हणाली, "तुमच्यात चालत नसंल तर शेजारी द्या, पर टाकू नगा, आईनं हाडाला चांगली म्हनून दिलीया." घरात कुणी मासळीला हात लावत नाही. डबा केराबाईंकडे गेला आणि केराबाईंनी तीन दिवस वरच्या मजल्याकडे बघून हात जोडले. आणि आजोबांनी बाकड्यावर सांगितलं की उजनीच्या सगळ्या कोळ्यांनी मिळून नातीच्या पायासाठी नवस बोललाय.

दुसऱ्या सकाळपासून साक्षी कंबर तलावावर यायला लागली. "चल, हळूहळू पळू. मी हाय संगं." सुरुवातीला अक्षता रडायचीच राहायची. जीभ कोरडी, थुंकीला लोखंडाची चव, बरगडीखाली सुई, आणि जलपर्णीच्या कुजक्या वासानं भरलेली हवा छातीत मावायची नाही. जे अंग गेल्या वर्षी तिचं घोडं होतं ते आता कुणीतरी गळ्यात घातलेलं ओझं होतं. पण अंगाला लाज नसते. ते निर्लज्जपणे बरं होत गेलं. ऑगस्टच्या सुमाराला एका सकाळी सुई आलीच नाही. पोटरी पुन्हा दगडासारखी झाली. एकदा बाभळीखालचं कुत्रं अंगावर आलं तेव्हा ती अशी सुटली की साक्षी मागं राहिली, आणि त्या चार पावलांत तिला पुन्हा ते आठवलं, कानाशी वारा वाजतो ते, पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही ते. आनंदानं तिच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच तिनं ते गिळलं, कारण चोरलेल्या गुळाला कोण असं मोठ्यानं चाटतं? थांबल्यावर तिनं आठवणीनं लंगडायला सुरुवात केली. पळताना नाही लंगडायचं, चालताना लंगडायचं, असा तिनं एक कायदा केला होता आणि नवल म्हणजे तो कुणालाच विचित्र वाटत नव्हता. साक्षी म्हणाली, "सांदा गरम झाला की दुखत न्हाय. गार पडला की दुखतंय. माझ्या बापाच्या इंजनाचं बी तसंच हाय."

इंजिनाची गोष्ट तिनंच सांगितली होती. तिच्या वडिलांच्या होडीला एक जुनं इंजिन, ते पाण्यातून चाललं की साक्षी काठानं त्याच्याबरोबर पळायची, लहानपणापासून. श्वासाला तोच ठेका बसला, टुक टुक टुक टुक. "आता मला बिनआवाजाचं पळताच येत न्हाय. पोरी हसत्यात." अक्षता हसली नाही. शेजारून पळताना ती तो आवाज ऐकत असायची आणि तिला कळायचं की हे इंजिन अर्ध्यावर चाललंय. साक्षी तिच्यासाठी हळू पळत होती. तिची छाती भरायची, आवाज वाढायला लागायचा, आणि मग ती स्वतःच तो मुठीत धरल्यासारखा आवळायची आणि बाजूला बघायची, "पाय?" "बरा आहे." रोज. पहिल्या पावसापासून दसरा जवळ आला तरी रोज. आणि त्यात मागच्या सोमवारी तिनं ते सांगितलं. येत्या रविवारी विद्यापीठाच्या निवडीची शर्यत होती. अक्षताचे दात खरं तर भीतीनं वाजत होते, पाठ पुन्हा समोर आली तर आपण काय करू हे तिला माहीत नव्हतं, पण साक्षीला वाटलं भीती पायाची आहे. ती बुटाची नाडी बांधत खाली मान घालून म्हणाली, "घाबरू नगं. मी पुडं जानार न्हाय. शेवटपतुर तुझ्या बाजूलाच पळनार. एकटीला न्हाय सोडत." "अगं, पण तुझा नंबर?" "नंबराचं बघू की. गेल्या वर्षी तू पडलीस ते मी रेटून पुडं गेले म्हनून. मला अजून वाटतंय, माझा धक्का लागला आसंल."

धक्का! साक्षीच्या मनात गेलं वर्षभर हे होतं.  अक्षतानं तलावाकडे बघितलं. पाणी हिरवं गच्च होतं, वर जलपर्णीची चादर, जणू खाली काहीच नाही. आता ही पुन्हा हळू पळणार होती, पुन्हा तिचं नाव यादीत नसणार होतं, आणि ते सगळं एका धडधाकट घोट्यासाठी. सांगायला हवं. रविवारच्या आत सांगायला हवं. पण सांगायचं म्हटलं की आतून कुणीतरी वकिलासारखं उभं राहायचं आणि म्हणायचं, तुझा काय दोष? आजोबांनी सांगितलं ना, बिड. सोड. थोरल्या माणसानं सांगितलं, तू ऐकलंस. एवढा एक आधार तिनं वर्षभर उशाखाली जपून ठेवला होता. आजोबांना वाटलं असेल पोरगी दमली, बस झालं, म्हणून म्हणाले असतील. त्या एका शब्दाला धरून ती रोज स्वतःला अर्धी माफ करायची.

काल सकाळी तो आधारही गेला. म्हणजे रिक्षावाल्याच्या सकाळच्या आदल्या सकाळी. ती बाकड्याच्या मागून येत होती, आजोबांची पाठ तिच्याकडे होती, आणि गोष्ट पायाच्या त्या आवाजापाशी पोचली होती. एसटी थांबली, शेंग फुटली, मशीनला घाम फुटला. "आणि मी काय केलं?" आजोबा उठून उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तलावाच्या पाण्यावर गलबला उठेल असे ओरडले, "बिडब्याड! बिडब्याड, अक्षव्वा!" सिद्धलिंगप्पांनी मान डोलावली, "व्हय, व्हय, असंच वरडला हुता ह्यो. माझ्या कानाचा पडदा हालला." अक्षता जागच्या जागी उभी राहिली. बिडब्याड. सोडू नको. कानडीत नकार शब्दाच्या शेपटाला असतो, आणि त्या दिवशी वाऱ्यानं शेपूट तोडून नेलं होतं. की वाऱ्यानं नव्हेच? कानानंच तोडलं असेल, हवं तेवढं घेतलं असेल आणि बाकीचं सांडू दिलं असेल. गंमत बघा, त्या सगळ्या थापांच्या पोत्यात एकच दाणा खरा होता आणि नेमका तोच तिच्या दाताखाली आला. आजोबा तसेच रंगात होते. गुडघेवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पण गुरप्पा, पाय कुठला मोडला तिचा?" आणि आजोबा, ज्यांना एसटीचा नंबरसुद्धा तोंडपाठ होता, त्यांनी पुडीतली एक शेंग निवडली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "मग काय झालं, तो एसटीचा ड्रायव्हर आला की मैदानात..." तिला आता आठवलं, वर्षभरात त्यांनी कधीच पाय कुठला ते सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. सूज सांगितली, आवाज सांगितला, उजवा-डावा कधी नाही. माहीत नव्हतं म्हणून, की माहीत होतं म्हणून? लहान खोटं कुणाला दिसू नये म्हणून म्हाताऱ्यानं त्याच्यावर एवढा मोठा डोंगर रचला होता का? हा विचार आला आणि लाज, जी इतके दिवस घरात नुसती बसून होती, ती उठून उभी राहिली.

रिक्षाच्या त्या दिवशी कॉलेजात तिला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या सकाळी ती तलावावर आली तेव्हा वारा सुटला होता, जलपर्णी एका काठाला ढकलली गेली होती आणि मधलं पाणी उघडं पडलं होतं. बाकड्यावर मंडळी जमली होती. साक्षी आधीच पाय झटकत उभी होती. दोघी पळायला लागल्या. टुक टुक, आवळलेलं, अर्धं. पहिली फेरी गेली. अक्षताला वाटत होतं वाक्य नीट जुळवून घ्यावं, सुरुवातीला थोडी माफी, मग कारण, मग पुन्हा माफी. पण पळताना एवढा मोठा शब्द तोंडात मावत नाही, श्वास त्याचे तुकडे करतो. बाभळीपाशी आल्यावर ती म्हणाली, "साक्षी. माझा पाय. मुरगळलाच नव्हता."

टुक टुक आणखी थोडं चाललं, जसं इंजिन बंद केल्यावरही थोडं चालतं. मग थांबलं.

"कवा?"

"तेव्हा. मैदानावर. काहीच झालं नव्हतं. तुझा धक्का नव्हता. मी नुसतीच बसले."

"नुसतीच?"

"तू पुढं गेलीस म्हणून."

साक्षीनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब न लागणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं. "बस खाली," ती म्हणाली. अक्षता बसली. साक्षी गुडघ्यावर बसली, तशीच, आणि हात पुढं केला. "कुठला?"

"डावा."

तिनं बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. "हितं?"

"नाही."

"हितं?"

"नाही."

"हितं? तवा हितं दाबलं तर आई गं म्हनलीस."

"हो."

"लई ब्येस वरडली हुतीस." ती पायाकडे बघत होती, अक्षताकडे नाही. "मी आईला सांगितलं, एका पोरीच्या पायापायी ऱ्हायलं. आई म्हनली, तिचा पाय वाचला न्हवं? मंग झालं. पुन्यांदा इचारलं बी न्हाय तिनं. आता आईला काय सांगू?"

 रडू आलं असतं तर अक्षता रडली असती, पण रडणंसुद्धा पुन्हा पायच धरल्यासारखं झालं असतं. साक्षीनं पाय मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला, आपटला नाही, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या घरी आली होती ती परत करावी तसा ठेवला. मग उभी राहिली.

"रविवारी मी तुझ्यासंगं पळनार न्हाय."

"नकोच पळूस."

"थांबनार बी न्हाय. मेलीस तरी."

"नको थांबूस."

"माझी पाठ बघून परत बसायचं आसंल तर आत्ताच बस. हितं बस. तुझ्या आज्ज्याचं बाकडं बी हाय की, म्हातारी उठत्यात तुझ्यासाठनं." आणि ती वळली. आधी चालली, मग पळाली. आणि मग अक्षतानं ते ऐकलं, गेल्या थंडीपासून न ऐकलेलं. इंजिन पूर्ण सुटलं. टुक टुक टुक टुक, पाण्यावरून, मोकळं, कुणीही न आवळलेलं. ती काळी सावळी पाठ, तांबडं रबर, लांब जात होती.

अक्षता बुटात पाय घालत होती. नाडीची गाठ बसेना. सोडून द्यावं, घरी जावं, दार लावून घ्यावं, आईला सांगावं पुन्हा दुखतंय. आई हळद उगाळेल. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की त्या किळसेनंच ती उभी राहिली. पळायला लागली. पाठ लांब होती. कुणी तिला माफ केलेलं नव्हतं, आणि पळाल्यानं ते होणारही नव्हतं. पाठीमागं पळणं कसं असतं ते तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. समोर मोकळं मैदान नव्हतं. समोर एक माणूस होतं, जे तिच्यासाठी वळून बघणार नव्हतं. धूळ तोंडात जात होती. छाती जळत होती, पण सुई नव्हती. दम होता. ह्या खेपेला उरलेला दम लपवायला जागा नव्हती.

वळणावर बाकडं आलं. म्हातारे सवयीनं उठायला लागले होते, ते अर्धे उठलेलेच राहिले. "अरे गुरप्पा," सिद्धलिंगप्पा मोठ्यानं म्हणाले, "पोरगी तर आज वाऱ्यागत पळायलीय की! पाय कुठला मोडला हुता रे तिचा?" तिनं आजोबांकडे बघितलं. त्यांच्या हातात पुडी होती. ज्या माणसाला थाप सुचायला कधी पापणी लवायचाही वेळ लागला नव्हता, त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी तिच्या दोन्ही पायांकडे बघितलं, एकदा ह्या, एकदा त्या. मग पुडी सिद्धलिंगप्पांच्या हातात कोंबली, कठड्यापाशी गेले, दोन्ही हात तोंडाशी नेले. तेवढ्यात तलावावरून वारा आला, जोरात, आणि हाक मध्येच तुटली.

"बिड!"

एवढंच आलं. बाकीचं पाण्यात पडलं. अक्षता ते ऐकून थांबली नाही, कान टवकारून वाटही बघितली नाही. पाठ आता बाभळीच्या पलीकडे होती आणि टुक टुक ऐकू येत होतं. तिनं श्वास आत ओढला आणि सोडताना, दातांतून, धुळीसकट, उरलेला अर्धा शब्द स्वतःच म्हणाली.

"ब्याड."